साडभाऊंना डोंगा लागायचा

पाण्यावर इतका जीव असलेला आणि त्याच पाण्यावर इतका ओकलेला माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नसेल. हा माणूस माझा साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. पण ते माझ्याहून इतके मोठे होते, की त्यांना तशी हाक मारायची माझी कधी छाती झाली नाही. तोंडावर मी त्यांना नुसते भाऊच म्हणायचो, आणि ते मला मास्तर म्हणायचे. मी आरमोरीच्या शाळेत शिकवत होतो, ते नदीपलीकडच्या एका लहानशा गावात राहत होते, आणि आमच्या मध्ये वैनगंगा. उन्हाळ्यात रेतीतून बैलगाडी जायची. पावसाळा लागला की मात्र डोंगा. आमच्याकडची ही लाकडी, उथळ नाव म्हणजे काही सुखाचे वाहन नव्हे, पण बाया, पोरे, बकऱ्या, तांदळाची पोती, नवरदेव, सारे त्यातूनच इकडचे तिकडे व्हायचे आणि कुणाची काही तक्रार नसायची. साडभाऊंना मात्र डोंगा लागायचा. कुणाला मोटार लागते, कुणाला बोट लागते, तसा त्यांना डोंगा लागायचा. नावाड्याने बांबू रेतीत रोवून काठ सोडला, की त्यांचा गव्हाळ चेहरा पाहता पाहता कच्च्या पपईसारखा होई, आणि नदीच्या मध्यावर पोचेपर्यंत ते कडेवरून खाली वाकलेले असत.

गंमत अशी, की पाण्याची त्यांना मुळीच भीती नव्हती. पोहायला ते पट्टीचे होते. त्यामुळे नदीला बेताचे पाणी असले की कपड्यांचे गाठोडे डोंग्यात टाकायचे आणि स्वतः डोंग्याच्या कडेला एक हात लावून पाण्यातून यायचे, अशी त्यांची रीत होती. दसऱ्याला सोने द्यायला ते आमच्याकडे असेच येत. डोंग्यातले लोकही त्यांच्याशी धानाच्या, पावसाच्या गप्पा मारत, आणि साडभाऊ मानेपर्यंत पाण्यात राहून साऱ्यांना सविस्तर उत्तरे देत. त्यांच्या मुलीची, शेवंताची, सोयरीकसुद्धा अशीच जमली. मुलाचे वडील डोंग्यात बसले होते, साडभाऊ पाण्यात होते, आणि अलीकडचा काठ येईपर्यंत बोलणे पक्के झाले. व्याही पुढे सांगत असत, की इतक्या पाण्यात राहून कुणी मुलगी देऊ करत असेल, तर त्याला नाही म्हणवत नाही.

साडभाऊ एका मालगुजाराचे, म्हणजे गावच्या जमीनदाराचे, दिवाणजी होते. मालगुजाऱ्या गेल्या तशी दिवाणगिरी गेली, आणि उभा जन्म दुसऱ्यांच्या शेतांची, तलावांची, आमराईची काळजी करणाऱ्या माणसापाशी एकाएकी वेळच वेळ झाला. अशा वेळी माणसे देवधर्माकडे वळतात. साडभाऊ मासेमारीकडे वळले. याचेही कारण त्यांनी मला नीट समजावून दिले होते. आपण जन्मभर ज्याची चव घेतली तो मासा पाण्यातून वर येतो तेव्हा कसा येतो, खुशीने येतो की नाखुशीने, हे आपण पाहिले नाही, याची त्यांना लाज वाटू लागली होती. काठावरून गळ टाकून भागले असते. पण साडभाऊंना कळले, की मोठे मासे डोहात असतात, आणि डोह नदीच्या मध्ये असतो, आणि तिथे डोंग्यातूनच जावे लागते. झाले. ज्या वाहनात त्यांना क्षणभर बसवत नसे, त्याच वाहनात रोज सकाळभर बसायचे त्यांनी ठरवले.

डोंगा सोमाजी ढिवराचा, म्हणजे कोळ्याचा, होता. सोमाजी हा साडभाऊंच्याच वयाचा, कमी बोलणारा आणि जे दिसेल ते निमूटपणे पाहणारा माणूस. पहिल्या दिवशी साडभाऊ डोहावर पोचले, गळाला गांडूळ लावायला खाली पाहिले, आणि सकाळची न्याहारी त्यांनी नदीला दिली. सोमाजीला वाटले, उद्यापासून हे काही येत नाहीत. दुसऱ्या दिवशी हे हजर. तिसऱ्या दिवशीही हजर. पुढे पुढे सोमाजीला या प्रकारात काही वावगे वाटेनासे झाले. उलट भाऊ आले की डोहावर मासोळ्या बऱ्या जमतात, असे तो गावात सांगू लागला. त्या का जमत, हे उघड होते. फायदा सोमाजीच्या जाळ्याला होई. साडभाऊंच्या गळाला काही लागत नसे, कारण मासा ओढायच्या वेळी त्यांचे तोंड नेमके दुसऱ्या बाजूला असायचे.

दुसरा कुणी असता तर शरमला असता. साडभाऊंना शरम नव्हती, कुतूहल होते. आपल्या पोटात नेमके होते काय, हे त्यांना एखाद्या परक्या मुलखाची माहिती काढावी तसे हवे होते. ओकारी कशी येते याचे वर्णन ते गवयाने राग उलगडावा तसे करीत. आधी कानामागे गार वाटते, मग जांभई येते, मग जिभेखाली पाणी सुटते, मग जगातली कुठलीच गोष्ट चांगली वाटत नाही, आणि मग ती येते. हे ते जेवायच्या पंगतीत सांगत. त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, घरात सगळे बाई म्हणायचो. बाई वाढता वाढता थांबत आणि म्हणत, "आता याईच्या पोटातली नदी आपल्या ताटात येते पाहा." पंगत हसायची. साडभाऊ हसत नसत. ते समोरच्या पाहुण्याला विचारीत, की तुम्हाला जांभई आधी येते की पाणी आधी सुटते.

उपाय त्यांनी किती केले याला गणतीच नाही. लिंबू झाले, आले झाले, सुंठ झाली, गालात आवळकाठी धरून झाली. कुणी म्हटले पोट करकचून बांधा, तर बाईंचे जुने लुगडे कमरेला गुंडाळून ते डोंग्यात बसले आणि वाकता येईना म्हणून सोमाजीच्या अंगावर ओकले. कुणी म्हटले उपाशीपोटी जा, कुणी म्हटले भरपेट जा. त्यांनी दोन्ही करून पाहिले आणि मला निकाल सांगितला, की उपाशीपोटी त्रास जास्त होतो आणि भरल्यापोटी देखावा जास्त होतो. एकदा कानात कापूस घालून गेले. त्या दिवशी मळमळ तेवढीच झाली, फक्त सोमाजी काय म्हणतो ते ऐकू आले नाही. मग आपल्याला सवय नाही म्हणून असे होते, असा शोध लावून त्यांनी घरामागच्या मोहाच्या झाडाला झोका बांधला, आणि हातात गळाची काठी धरून सकाळ-संध्याकाळ त्यावर बसू लागले. दिवाणगिरी गेल्यापासून भाऊंच्या डोक्यात फरक पडला, असे गावात त्याच वेळी बोलले जाऊ लागले. झोक्यावर त्यांना काही होत नसे. मोटारीतही नाही, बैलगाडीतही नाही. मग डोंग्यातच का? हा प्रश्न त्यांना झोपू देत नसे. हा त्रास माणसालाच होतो की जनावरांनाही, हे पाहायला ते एकदा घरची बकरी घेऊन डोहावर गेले. बकरीला काही झाले नाही. तिने गळासाठी आणलेला कणकेचा गोळा खाल्ला, साडभाऊंचे लिंबू खाल्ले, आणि त्यांची गत होत असताना ती त्यांच्याकडे मोठ्या आस्थेने पाहत होती, असे सोमाजी सांगे.

मग त्यांना कुणाकडून तरी समजले, की धानोऱ्याला हिरडा आणि डिंक विकत घेणारा एक गृहस्थ आहे आणि तो लढाईच्या वेळी जहाजातून परदेशी गेला होता. साडभाऊ लगेच निघाले. उन्हाळ्याचे दिवस होते, नदीचा प्रश्न नव्हता. मोटारीने गडचिरोली गाठली आणि पुढे जंगलातून मिळेल त्या बैलगाडीने धानोरा. त्या फौजीला आजवर सगळ्यांनी बंदुकीचे, गोऱ्या साहेबांचे, मढ्यांचे विचारले होते. ओकारीचे विचारायला आलेला हा पहिलाच माणूस. तो खूश झाला. त्याने त्यांना दोन दिवस ठेवून घेतले, मोहाची भाजी खाऊ घातली, आणि सांगितले, की जहाजावर जवान, सुभेदार, खलाशी, कुणीच यातून वाचत नाही. उपाय एकच. जवळचे पाहू नये. दूर, जिथे पाणी आभाळाला टेकते, तिथे नजर लावून बसावे.

साडभाऊ हे ज्ञान घेऊन आले आणि पावसाळ्याची वाट पाहू लागले. अडचण एवढीच, की वैनगंगेत पाणी आभाळाला कुठेच टेकत नाही. दोन्हीकडे झाडी, आणि नदी पुढे जाऊन वळते. शेवटी त्यांनी वळणावरचे एक उंच सिंदीचे झाड पसंत केले. आणि खरेच, त्या झाडाकडे टक लावून बसले की त्यांना बरे वाटू लागले. मी त्या सुमारास एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. साडभाऊ ताठ बसलेले, हातात काठी, डोळे झाडावर, चेहरा ध्यानस्थ माणसासारखा. पण गळाचा तरंगता बोंडा असतो खाली पाण्यात, आणि तो बुडला की नाही हे पाहायला खाली पाहावे लागते. खाली पाहिले की संपले. त्यामुळे बोंड्याकडे सोमाजीने पाहायचे आणि "ओढा" म्हणायचे, असे ठरले. सोमाजी स्वभावाने सावकाश. तो ओढा म्हणेपर्यंत मासा गांडूळ खाऊन घरी पोचलेला असे. परत येताना मी त्यांना विचारले, की भाऊ, एवढा जीव मेटाकुटीला आणून यात तुम्हाला मिळते काय. त्यांनी काठी आडवी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मास्तर, मले काही मिळाले नाई पायजे. मले समजाले पायजे."

त्यानंतरच्या पोळ्याची गोष्ट. शेवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते, म्हणून माझ्या बायकोने सुंठीचे लाडू करून माझ्याजवळ दिले, आणि मी पोळ्याच्या आदल्या दिवशी नदी ओलांडून साडभाऊंकडे गेलो. त्याच संध्याकाळी पावसाने जी झड धरली ती सोडेचना. पोळा झाला, बैल ओले होऊन घरी आले, आणि नदीने दोन्ही काठ सोडले. मी तिकडेच अडकलो. आणि अशात शेवंताला कळा सुरू झाल्या. सुईण अनुभवी होती. पण एक दिवस गेला, रात्र गेली, आणि सकाळी ती बाहेर येऊन बाईंना बाजूला घेऊन म्हणाली, की मूल आडवे आहे, माझ्या हातचे नाही, हिला आरमोरीच्या दवाखान्यात न्या.

नदीकडे पाहून मी म्हटले नसते, की आज डोंगा जाईल. लाल पाणी होते, त्यात मुळासकट झाडे वाहत होती. सोमाजीने काठावर उभे राहून पुष्कळ वेळ पाहिले. मग तो आपल्या भावाला घेऊन आला आणि दोघांनी डोंगा ओढत काठाकाठाने वरच्या बाजूला नेला, म्हणजे वाहत वाहत आला तरी आरमोरीच्या आसपासच लागेल. आम्ही शेवंताला बाजेवर घालून तिथवर नेले. डोंग्यात धानाची तणस पसरून तिला निजवले, उशाशी बाई बसल्या. सोमाजी साडभाऊंना म्हणाला, की भाऊ, तुम्ही राहा, तुमचे हाल होतील, मास्तर आहेत सोबत. साडभाऊ डोंग्यात चढले आणि पाणी उपसायचा टिनाचा डबा त्यांनी हातात घेतला.

काठ सुटला आणि डोंगा असा काही नाचू लागला, की मी डोळे मिटून घेतले. कडेवरून पाणी आत येत होते. साडभाऊ डब्याने पाणी उपसत होते, मध्येच कडेवर वाकून ओकत होते, तोंड न पुसता पुन्हा उपसत होते. ओकणे आणि उपसणे यात त्यांनी असा मेळ घातला होता, की एकाने दुसऱ्याचा खोळंबा होत नव्हता. ना लिंबू, ना झाड. त्या पावसात झाड दिसतच नव्हते. आणि तेवढ्यात माझ्या कानामागे गार वाटले. मला जांभई आली. जिभेखाली पाणी सुटले. जन्मात मला कधी डोंगा लागला नव्हता. मी ज्या पितळी घागरीने, गुंडाने, पाणी उपसत होतो तो गुंड सोडून दिला आणि डोंग्याच्या बुडाशी बसलो. आता मी मरणार, आणि मेलो तर बरे, असे मला वाटत होते.

साडभाऊंनी माझ्या दंडाला धरून मला वर ओढले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, घरी बोलत तसाच. "मास्तर, यानं मरत नाई माणूस. मी लई वेळा पाह्यलं. ओका आन् उपसा." मी ओकलो. मग गुंड उचलला आणि उपसू लागलो. दोन कळांच्या मधल्या उसंतीत शेवंताने डोळे उघडले, आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले, आणि त्या तसल्या अवस्थेत ती हसली. बाईंना म्हणाली, "बाई वं, बाळंत कोन होऊन राह्यलं?" तिच्या आईला तेव्हा हसू आले नाही. तिने पदराने लेकीचे तोंड पुसले, आणि मग तोच पदर पुढे करून नवऱ्याचेही पुसले. बाईंनी चारचौघांत असे केलेले मी तेव्हाच पाहिले.

डोंगा बऱ्याच खाली जाऊन, पण आरमोरीच्याच काठाला लागला. तिथून बैलगाडी मिळाली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आणि नर्सबाईंनी शेवंताला आत घेतले, दार लावले, आणि आम्ही बाहेर व्हरांड्यात चिखलाने भरलेले बसून राहिलो. दुपार कलली तेव्हा आतून बारीकसा रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली होती. शेवंता वाचली होती. बाई भिंतीला डोके टेकून रडू लागल्या. साडभाऊ बराच वेळ तसेच बसले होते, आणि मला वाटले, आता तेही रडतील. ते सरकत माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात त्यांनी विचारले, "मास्तर, तुमाले आदी काय झालं? जांभई आली का पाणी सुटलं?"

मी सगळे सांगितले. एवढे लक्ष देऊन माझे बोलणे आजवर कुण्या विद्यार्थ्याने ऐकले नव्हते.

त्यानंतर साडभाऊंनी उपाय करणे सोडले. झोक्यावर गावची पोरे बसू लागली. ते डोहावर जात, ओकत, तोंड धूत आणि गळ टाकून बसत, जसा एखादा माणूस खोकत खोकत आपले काम करीत राहतो. मासेही थोडेफार मिळू लागले. चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, कागदांवरचे शिक्के बदलले, आमच्या शाळेत नवी पुस्तके आली, आणि एके दिवशी माझी बदली तिकडे कोरपन्याकडे झाल्याचा हुकूम आला. निघण्याआधी मी साडभाऊंचा निरोप घ्यायला गेलो. हिवाळ्याची सकाळ होती. ते बरेच वाळले होते. एका कानाने कमी ऐकू येत होते, पायऱ्या उतरताना हात धरावा लागत होता. पण म्हणाले, चला, एकदा डोहावर जाऊन येऊ.

सोमाजीने डोंगा सोडला. पाण्यावरून धुके वर चढत होते. मी सवयीने साडभाऊंपासून थोडा दूर बसलो होतो. डोह आला. साडभाऊंनी गांडूळ लावले, गळ टाकला आणि सरळ खाली बोंड्याकडे पाहत बसले. मी वाट पाहत होतो. सोमाजीही वाट पाहत होता. बोंडा बुडला, साडभाऊंनी हिसका दिला, आणि हातभर लांबीचा एक मरळ वर आला, तडफडत, पाणी उडवत. इतका मोठा मासा त्यांना कधी मिळाला नव्हता. त्यांनी तो काढून बाजूला ठेवला आणि पोटावर हात ठेवून बसून राहिले.

"गेला महिना पाहून राह्यलो," ते म्हणाले. "काहीच होत नाई. ना जांभई, ना पाणी. काऊन असन, मास्तर?"

मी म्हटले, वय झाले भाऊ, वयाबरोबर कमी होत असेल. त्यांनी मान हलवली. ते उत्तर त्यांना पटले होते, पण आवडले नव्हते. पलीकडच्या काठावर कुणीतरी धान झोडत होते, त्याचा आवाज येत होता.

मग ते सोमाजीला म्हणाले, "सोमाजी, जरा हालव पाह्यनं."

सोमाजीने बांबू खाली ठेवला. दोन्ही पाय फाकवून तो उभा राहिला आणि डोंगा हलवू लागला, आधी हळूहळू, मग जोराने. पाणी दोन्ही कडांना थपथप लागू लागले. साडभाऊ डोळे मिटून बसले होते आणि आम्ही दोघे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. चेहरा गव्हाळच राहिला. बऱ्याच वेळाने त्यांनी हात वर केला, आणि सोमाजी थांबला. डोंगा मात्र थोडा वेळ आपला आपणच हलत राहिला.